आराखडा भरायच्या आधी एकदा विहिरीत डोकावा : तालुक्यातल्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातले सगळे सरपंच, उपसरपंच, आणि जिथं सरपंच ताई आहेत पण फोन त्यांचे मिस्टर उचलतात तिथले मिस्टरसुद्धा,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच तालुक्यात ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात संगणक परिचालक आहे. नाव देत नाही, मानधन आधीच वेळेवर येत नाही, त्यात हे पत्र कुणाच्या डोळ्यावर आलं तर पुढचंही लटकेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते आणि तुम्ही मला "ताई तेवढा आराखडा भरून टाका ना" या वाक्यापुरतं ओळखता.

तर विषय तोच, आराखडा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची गडबड सुरू होते आणि गेल्या काही वर्षांपासून त्या आराखड्याच्या डोक्यावर शाश्वत विकासाची ध्येयं बसवलेली आहेत. युनोनं २०१५ साली १७ ध्येयं ठरवली, त्यांच्याखाली १६९ लक्ष्यं, मुदत २०३० पर्यंत. आपल्या पंचायतराज मंत्रालयानं ती गावाला झेपावीत म्हणून नऊ विषयांत बसवून दिली. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण, सामाजिक सुरक्षा असलेलं, सुशासन असलेलं आणि महिलास्नेही गाव. ग्रामसभेत यातल्या एखाद-दोन विषयांचा संकल्प करायचा आणि त्याप्रमाणे कामं धरायची. कल्पना वाईट नाही हो, उलट चांगली आहे, पंचायत समितीच्या भिंतीवर ते सतरा रंगाचं चाक काढलंय तेही दिसायला छान दिसतं.

प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहितीय. ग्रामसभेचा कोरम नसतो, मग तहकूब सभा होते, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून ती पाच मिनिटात होते. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिच्या सह्या शिपाई घरोघर जाऊन आणतो, बाया भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं सही करतात आणि रजिस्टरला ते डाग तसेच राहतात. मग मला फोन येतो. "जलसमृद्ध टाका ताई, पाण्याला कोण नाही म्हणतंय." जलसमृद्धमध्ये कामं कोणती, तर एक नवीन बोअर, एक आरओ प्लांट, जुन्या मोटारीची दुरुस्ती. हरित गावात पेव्हर ब्लॉक आणि त्याच्या कडेला शोभेची झाडं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, त्यामुळे पाण्याच्या नावाखाली काहीतरी बसवावंच लागतं आणि बसवलं जातं. शेजारच्या गावाचा आणि आपल्या गावाचा आराखडा शेजारी ठेवला तर गावाचं नाव सोडून फरक सापडत नाही, एका ठिकाणी तर वाडीचं नावही दुसऱ्याच गावाचं राहून गेलेलं होतं आणि ते वरपर्यंत मंजूर झालं.

माझं म्हणणं एकच आहे आणि त्यासाठीच एवढं लांबण लावतेय. आपल्या हद्दीत यंदा पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला आणि आपण सगळ्यांनी मिळून उपसला किती, हा हिशोब ज्या गावाकडं नाही त्या गावानं शाश्वत विकासाचा एकही रकाना भरू नये. कारण बाकीचे आठ विषय मार्चमध्ये टँकरपाशीच येऊन थांबतात. पोरगी शाळेत न जाता हंडे घेऊन उभी राहते तेव्हा बालस्नेही गेलं, तिची आई मजुरी बुडवून टँकरची वाट बघते तेव्हा गरिबीमुक्त आणि महिलास्नेही दोन्ही गेलं, गढूळ पाणी पिऊन पोटं बिघडली की आरोग्यदायी गेलं. आणि टँकर कुणाच्या दारात आधी उभा राहतो हे बघितलं की सुशासनाचं पण समजतं.

आता हिशोब. अवघड नाहीये, मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलाय, तुम्हीही करून बघा.

समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकर. लोकसंख्या २,०००. पाऊस ६०० मिलीमीटर धरू, आपल्याकडं बऱ्या वर्षाला तेवढा होतो. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे बरोबर एक टँकर. या हिशोबानं गावाच्या शिवारावर वर्षात ६०० कोटी लिटर पाणी पडलं. आकडा ऐकून वाटतं बापरे, कशाला काळजी करायची. पण आपला खडक बेसाल्टचा, काळा पाषाण. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकावर बसलाय. पावसातला बराचसा भाग वाहून जातो, बराचसा वाफ होऊन आणि पिकातून, गवतातून उडून जातो, आणि जमिनीखाली मुरतो तो ढोबळमानानं दहावा हिस्सा. म्हणजे ६० कोटी लिटर. वर्षभराची आपली कमाई ती एवढीच.

त्यातलं पिण्याचं किती? जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २,००० माणसांना वर्षाला लागतात ४ कोटी लिटर. साठातले चार. जनावरांचं अजून थोडं धरा. म्हणजे पिण्याच्या पाण्याची टंचाई या गावात कधी यायलाच नको, अगदी पाऊस निम्मा झाला तरी येऊ नये.

मग जातं कुठं? ऊस घ्या. ऊस वर्षभरात साधारण २,००० मिलीमीटर पाणी मागतो, त्यातलं पावसाचं कामी आलेलं ५०० वजा करू, उरलेलं १,५०० विहिरीतून नाहीतर बोअरमधून. मोकाट पाणी दिलं तर एकराला झालं ६० लाख लिटर, आणि हे मी कमीच धरलंय. म्हणजे सात एकराच्या आतला ऊस अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. आणि शंभर एकर ऊस असला की गावाची साठ कोटींची सगळी कमाई संपली, उरलेल्या चोवीसशे एकराला आणि दोन हजार माणसांना शून्य. शंभर एकर म्हणजे काय फार नाही, तुमच्यातल्या कित्येकांच्या गावात त्याच्या दुप्पट उभा आहे. कॅनॉलचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या तालुक्यात कॅनॉल किती गावांना आहे ते बोटावर मोजा.

हे वाचून कुणी म्हणेल की ही बाई ऊसवाल्यांच्या विरोधात आहे. आमच्याही घरी सव्वा एकर ऊस आहे, सासऱ्यांच्या नावावर. का लावतात ते मला जेवताना रोज ऐकायला मिळतं. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्यानं बांधलेला किमान दर आहे, तुरीला हमीभाव आहे पण घेणारा नाही. ऊस गारपिटीत झोपला तरी हाताला काहीतरी लागतं, द्राक्षं आणि गहू गेले की गेलेच. राखण नको, मजूर कमी, कारखान्याचा सभासद म्हटल्यावर सोसायटीचं कर्ज मिळतं, पोराच्या लग्नात कारखान्याची साखर मिळते. त्या माणसाला उद्या सकाळी "शाश्वत विकासासाठी ऊस मोडा" म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. भाव मुंबई-दिल्लीत ठरतात, तिथं सरपंचाचं काही चालत नाही, हे मला मान्य आहे. पण कृषिमूल्य आयोगानंच मागं मांडलेलं गणित असं की राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी मात्र सत्तर टक्क्यांच्या आसपास तो घेतो. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वॅगनची गाडी. लोक स्टेशनवर गाडीचे फोटो काढत होते. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या बऱ्याच कारखान्यांचं गाळप मात्र झालं होतं. पाच लाख लिटर म्हणजे वरच्या हिशोबानं एका एकराच्या बाराव्या हिश्श्याचा ऊस, तीन-साडेतीन गुंठे. रेल्वेगाडीभर पाणी.

बोअरचं सांगते आता, कारण आराखड्यात सगळ्यात जास्त मागणी त्याचीच असते. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडं बोअरची मशिनं आली, तेव्हा दीड-दोनशे फुटावर पाणी लागायचं आणि हातपंपाला पुरायचं. आज पाचशे, सातशे, कुठं आठशे. भूजलवाले साहेब एकदा ट्रेनिंगला आले होते, त्यांनी खडूनं फळ्यावर काढून दाखवलं, वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्रं असलेला खडक, मग कठीण पाषाण. आपल्या पावसाचं पाणी साठतं ते वरच्या मुरुमात आणि झिजलेल्या खडकात, पन्नास-साठ फुटापर्यंत, म्हणून आपल्या आजोबांच्या विहिरी तेवढ्याच खोल. त्याच्याखाली नुसत्या भेगा. भेगेत लागलेलं पाणी एकतर वरच्याच विहिरीचं खाली झिरपलेलं असतं, म्हणजे शेजाऱ्याचंच आपण खालून काढतो, नाहीतर फार जुनं, कधीकाळी साठलेलं असतं, ते एकदा काढलं की आपल्या हयातीत परत भरत नाही. गावात एकानं सातशे फूट घेतला की दुसरा साडेसातशे घेतो. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो, त्याचं बिल लागतं. आणि फेल गेलेल्या बोअरचं कर्ज कुठल्याच माफीच्या यादीत नीट बसत नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, त्या अर्जांच्या झेरॉक्स मीच काढते.

आणि कायदा नाही असं नाही. पिण्याच्या पाण्याचा जो सार्वजनिक उद्भव, म्हणजे गावाची विहीर नाहीतर बोअर आहे, त्याच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर घेता येत नाही, ही अट १९९३ च्या कायद्यापासूनची आहे. नंतर २००९ चा भूजल कायदा झाला, अमलात यायला २०१४ उजाडलं, त्यात ६० मीटर म्हणजे दोनशे फुटाच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात आणि तिच्यावर निर्बंध आहेत. आता तुम्ही मनातल्या मनात गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती पाचशे मीटरचा गोल काढा आणि त्यात किती बोअर आहेत आणि ते कुणाकुणाचे आहेत ते आठवा. मी नावं लिहीत नाही. काही नावं ग्रामपंचायतीच्या बोर्डावर पण आहेत.

नळाचं बघा. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, हर घर जल, २०२४ ची मुदत होती ती पुढं २०२८ पर्यंत गेली. टाकी झाली, गल्लीगल्लीत पाईप गेले, रस्ते खोदले ते अजून नीट बुजले नाहीत, पण निळा पाईप आणि त्याला तोटी प्रत्येक दारात आली हे खरं आहे आणि ज्या बायांनी जन्मभर हंडे वाहिले त्यांना त्या तोटीचं काय वाटतं ते मी बघितलंय. पण उद्भव कुठला? तीच जुनी विहीर, नाहीतर तिच्याजवळ घेतलेला नवा बोअर. तिच्याभोवती दिवसरात्र शेतीच्या मोटारी चालू. फेब्रुवारीत विहीर तळाला जाते आणि मग टाकी भरायला टँकर येतो, तोही आता माणशी २० लिटरच्या हिशोबानं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कोट्यवधीची योजना पोर्टलवर "पूर्ण" दाखवतेय आणि त्याच गावाचा टँकर मागणीचा ठराव त्याच कॉम्प्युटरवर टाईप होतोय.

जलयुक्त शिवारबद्दल बोललं की राजकारण होतं म्हणून थोडक्यात बोलते. डिसेंबर २०१४ ला सुरू झालं, दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची होती. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० साली अहवाल दिला की साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश दिसत नाही. काही गावांना फायदा झाला, ती गावं मला माहीत आहेत, जिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग चर, बांध, नालाबंडिंग सगळं क्रमानं झालं तिथं झाला. पण बऱ्याच ठिकाणी जेसीबीवाला आणि ठेकेदार यांनी मुरूम संपून काळा दगड लागेस्तोवर नाला खरवडला, मुरूमच नेला तर पाणी साठणार कशात? वर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्यात उतरलं आणि उन्हात वाळलं. आणि जिथं खरंच पाणी वाढलं तिथं दुसऱ्याच वर्षी नवीन बोअर आणि नवीन ऊस. अडवलेलं मोजलं, उपसलेलं कुणी मोजलंच नाही.

शेततळ्याचं तसंच. मुळात ते वाहून जाणारं पाणी अडवायला होतं. आता तळाला प्लास्टिकचा कागद, आणि दिवाळीनंतर बोअर चालू करून ते भरायचं, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. मे महिन्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटीमीटरभर तरी उडतं. ३० बाय ३० मीटरचं तळं असेल तर रोजचे ९,००० लिटर, जवळजवळ एक टँकर. रोज. आणि त्याच गावात तहसीलदार साहेबांकडं टँकरसाठी अर्ज. ज्याचं तळं आहे त्याची फळबाग वाचते हे खरंय, त्याचा जीव त्या बागेत अडकलाय, पण त्याच्या वरच्या अंगाला ज्या म्हातारीची विहीर आटली तिनं काय करायचं याचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता सौर पंप आलेत. हे मात्र मला खरंच चांगलं वाटतं, रात्रीच्या लाईटीला दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या घरची बाई कशी झोपते ते मला माहितीय, साप, विंचू, बिबट्या, शॉक. दिवसा वीज ही मागणी शंभर टक्के बरोबर. पण एक बघा, आधी लाईट आठ तास म्हणून उपसा आठ तास, त्यातही डीपी जळाला की आठवडा सुट्टी. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाली आणि सौर पंपाला तर बिलच नाही. सूर्य उगवला की मोटर चालू, मावळला की बंद, आणि हे आराखड्यात "स्वच्छ ऊर्जा" म्हणून चढतं, गुण मिळतात. विहीर रिकामी करायला डिझेल लागलं की ऊन, विहिरीला काय फरक पडतो. सौर पंप द्याच, पण देताना गावाच्या पाण्याच्या हिशोबात तो लिहा की राव.

असं कुठं झालंय का, असं विचाराल. झालंय, आणि परदेशात नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. नियम काय होता माहितीय? पाणी जमिनीवर नाही, माणसावर. घरात जेवढी माणसं त्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकराला पाणी, जास्तीत जास्त अडीच एकर एका कुटुंबाला. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि सामाईक पाण्यावर ऊस नाही. अर्थशास्त्राचे लोक त्यावर अजून लिहितात, आणि आपल्याला मात्र ग्रामसभेत एवढं बोलायचं म्हटलं तर घाम फुटतो, कारण पन्नास एकरवाला आणि भूमिहीन एका सतरंजीवर बसले तर पहिला प्रश्न हाच निघणार. १९८७ साली युनोच्या ब्रुंटलँड बाईंच्या आयोगानं सांगितलं की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ देऊ नका. बरोबरच आहे. पण साळुंखे साहेबांचा नियम मला जास्त जवळचा वाटतो, कारण पुढच्या पिढीच्या आधी आजच गावकुसाबाहेर जे आहेत त्यांच्या वाट्याचं पाणी कुठंय, हे तो विचारतो.

दुसरं हिवरे बाजार. तुमच्यातले बहुतेक जण अभ्यास दौऱ्याला जाऊन आलेत, बसचे फोटो ग्रुपवर आले होते, कमानीखालचे पण आले होते. पोपटराव पवारांनी तिथं काय केलं ते सगळे सांगतात, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. खरी गोष्ट त्याच्यापुढची आहे. दरवर्षी पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती झाला, आधी माणसांचं आणि जनावरांचं बाजूला काढायचं, उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर उन्हाळी पीक नाही. शेतीला बोअर नाही. ऊस-केळी नाही. वार्षिक पाऊस चारशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्यापेक्षा कमी. हां, गाव लहान आहे, पुढारी एक आहे, आपल्याकडं एका गल्लीत चार गट, हे सगळं मान्य. तिथलं सगळं उचलून आणा असं मी म्हणतच नाही. फक्त तो एक कागद आणा, ताळेबंदाचा. अटल भूजल योजनेतल्या गावांमध्ये असाच ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा करून घेतला होता, त्यामुळे सरकारी नमुना पण तयार आहे, नवीन काही शोधायचं नाही. त्यातले काही नमुने कन्सल्टन्सीच्या पोरांनी ऑफिसात बसून भरले असतील, ते असो.

तर आता मी काय मागतेय ते सांगते, आणि हे एवढंच मागतेय.

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवा, साधा, शाळेतली पोरं रोज सकाळी बघून वहीत लिहितील, त्यांना आवडतं असलं काम. महसूल मंडळाचा आकडा आपल्या गावाला लागू होत नाही, मंडळाच्या गावी पाऊस झाला म्हणून आपल्या विम्याचे पैसे जातात हे दरवर्षीचं भांडण आहे, निदान आपल्याकडं आपला आकडा असेल. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा, एक माथ्यावरची, एक नाल्याकाठची, एक पिण्याची, अशा. त्यांची पातळी दोरीला दगड बांधून मोजा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, म्हणजे भूजल यंत्रणा मोजते त्याच महिन्यांत, म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येईल. गावातले बोअर मोजा, चालू किती, फेल किती, किती फूट. लोक सांगणार नाहीत सुरुवातीला, नोंद झाली की पट्टी लागेल अशी भीती असते. सरपंचानं आधी स्वतःचे सांगितले तर सांगतील. तलाठ्याच्या पीकपेऱ्यावर विसंबू नका, ई-पीक पाहणीत आपल्याकडं काय काय उगवतं ते मला माहितीय, एकाच्या पडीक रानात स्ट्रॉबेरी निघाली होती. कोतवाल आणि दोन जाणती माणसं शिवारात फिरवा.

हे सगळं एका पानावर येतं. ते पान ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, नुसतं वाचा, ठराव नंतर. महिला सभेत आधी वाचा, आणि ती सभा खरंच भरवा, दुपारी तीनला, तेव्हा बाया मोकळ्या असतात, सकाळी अकराला ठेवली तर फक्त आशाताई आणि अंगणवाडीताई येतात. त्यानंतर पहिला ठराव एकच घ्या, पिण्याच्या विहिरीभोवतीच्या पाचशे मीटरमध्ये जानेवारीनंतर शेतीच्या मोटारी बंद, आणि ज्याच्या मोटारी बंद होतील त्याला गावानं काय द्यायचं तेही त्याच सभेत ठरवा. टंचाईत सरकार विहीर अधिग्रहण करून पैसे देतंच की, मग टंचाई येऊ नये म्हणून गावानं का देऊ नयेत? बंधित निधीतून थेट देता येतील का ते मी बीडीओ साहेबांना विचारलंय, लेखी विचारा म्हणाले. तुम्ही तुमच्या लेटरहेडवर विचारा, माझ्या अर्जाला उत्तर येणार नाही.

यातनं वाद होणार. बांधावरून होतात तसे होतील, एखाद-दुसरं मत फुटेल, पॅनेल पडेल असं पण वाटेल. मला ते कळत नाही असं नाही, निवडणुकीत किती खर्च होतो ते मला घरपट्टीच्या थकबाकीच्या दाखल्यांपासून दिसतं. पण आता मार्चमध्ये टँकरच्या मागं जी भांडणं होतात, घागरी फेकून मारतात, पोलीस पाटलाला रात्री उठवतात, ती काय मतं वाढवणारी असतात का?

एक विनंती अजून. यंदापासून "मागचाच आराखडा टाका" असा फोन करू नका. माझ्याकडं दोन ग्रामपंचायती आहेत, दोन्ही सरपंचांना मी तोंडी सांगितलंय की पाण्याचं ते एक पान आल्याशिवाय मी जलसमृद्ध गावाखाली नवीन बोअर चढवणार नाही, लेखी आदेश दिलात तर चढवेन कारण नोकरी आहे, पण आदेश लेखी लागेल. बाकीच्या केंद्रचालक भावा-बहिणींनाही मी ग्रुपवर हेच टाकलंय, काहींनी अंगठा दाखवला, काहींनी वाचून सोडून दिलं.

पान कसं भरायचं ते समजलं नाही तर केंद्रावर या, शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते, बँकेचं सर्व्हर पण तेव्हा डाऊनच असतं. मी एक्सेलमध्ये शीट करून ठेवलीय, क्षेत्र, पाऊस, लोकसंख्या, जनावरं आणि पीकनिहाय एकर टाकले की बेरीज-वजाबाकी आपोआप होते. पैसे घेणार नाही, झेरॉक्सचे तेवढे द्या.

आपली,
एक केंद्रचालक

ता.क. ज्या सरपंचांच्या डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीचे पेनड्राईव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत त्यांनी ते येऊन घेऊन जावेत. तुमच्या सहीनं कोणत्या कामाचं पेमेंट चाललंय ते तुम्हीच बघायला हवं, आणि त्यातल्या दोघांची मुदतही संपत आलीय, येताना आधार, पॅन आणि आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत आणा.